वाळवंटात पाण्याचं बजेट

घराला चाकं असली की मुक्काम किती दिवसांचा, हे सुट्टी नाही, पाण्याची टाकी ठरवते! अ‍ॅरिझोनातल्या क्वार्टझसाइटला हे पटतं. हिवाळ्यात या वाळवंटात ट्रेलरवाल्यांचं अख्खं गाव वसतं. मी राहिले मावसभावाच्या ट्रेलरमध्ये. टाकी १५० लिटरची. भरली की १५० किलोंचं ओझं. त्यात गरम पाणी येईपर्यंतचं गार पाणी थेट सांडपाण्याच्या टाकीत. ती भरली की गाशा गुंडाळा... वाळूत ओतून चालत नाही.

दादाने मग तीन बदल केले. शॉवर कमी पाण्याचा घेतला. १२ व्होल्टच्या पंपाला अ‍ॅक्युम्युलेटर जोडला. ही छोटी टाकी आतल्या हवेने दाब टिकवते, त्यामुळे नुसती चूळ भरली तरी पंप घरघरत नाही. आणि सगळ्यात भारी म्हणजे एक व्हॉल्व्ह. तो फिरवला की गार पाणी परत टाकीत! चार दिवसांचं पाणी आता आठवडाभर पुरतं.

तरी वहिनीचं तपेलं सिंकमध्ये असतंच. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या लातूरची ती. म्हणते, "व्हॉल्व्ह बिघडेल गं, सवय नाही बिघडत."