वजन कमी करताना भुकेचं काय करायचं?

"डॉक्टर, तुम्ही सांगितलं तसं कमी खायला सुरुवात केली. चार दिवस जमलं. पाचव्या रात्री उठून डब्यातले तीन लाडू खाल्ले." थोड्याफार फरकाने हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकतो. सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर गुन्हा कबूल केल्याचा भाव असतो.

काय खावं, किती खावं हे सांगणारे लेख भरपूर आहेत. कमी खाल्ल्यावर जी भूक लागते तिचं काय करायचं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. म्हणून आजचा लेख फक्त भुकेबद्दल. मी आंजर्ल्यात प्रॅक्टिस करतो. माझे बहुतेक रुग्ण भात, मासे, नारळ खाणारे आहेत आणि मीही त्यांच्यातलाच एक. गेली तीन वर्षं मी स्वतः कमी खाऊन वजन उतरवलं आणि टिकवलं आहे. त्यामुळे पुस्तकातलं थोडं आणि अनुभवाचं थोडं, असं दोन्ही सांगतो.

वजन कोणी कमी करायचं?

"मी कुठे जाडा आहे?" हा प्रश्न आपल्याकडे फसवा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! हातपाय बारीक आणि पोटात चरबी, ही आपली ठेवण आहे. म्हणून आपल्यासाठी बीएमआय २३ च्या वर गेला की सावध व्हायचं. कंबर पुरुषांची ९० सेंटीमीटरच्या आणि बायकांची ८० सेंटीमीटरच्या आत असावी.

बावन्नाव्या वर्षी माझं वजन ७८ किलो होतं, कंबर ९७ सेंटीमीटर आणि एचबीए१सी ६.१. म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. माझ्या वडिलांना मधुमेह होता. शेवटच्या वर्षांत त्यांचे पाय इतके बधिर झाले होते की आंघोळीचं पाणी किती गरम आहे ते आई आधी हात घालून बघायची. त्यामुळे तो रिपोर्ट हातात आल्यावर मला फार विचार करावा लागला नाही.

अमेरिकेतला एक मोठा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना ७ टक्के वजन कमी करण्याचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करण्याचं ध्येय दिलं होतं. सुमारे तीन वर्षांत त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. ७८ किलोच्या माणसाचे ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. ऐकायला सोपं वाटतं. पण मध्ये भूक उभी असते.

भूक का वाढते?

रिकामं जठर 'घ्रेलिन' नावाचं संप्रेरक सोडतं. ते मेंदूला सांगतं, "खायला घाल." जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये ते शोधलं. त्याच्या आधी, १९९४ मध्ये, 'लेप्टिन' सापडलं होतं. ते चरबीतून येतं आणि मेंदूला सांगतं, "साठा पुरेसा आहे." वजन कमी केलं की घ्रेलिन वाढतं आणि लेप्टिन घटतं. शरीराच्या दृष्टीने हा दुष्काळ असतो. आपण मुद्दाम कमी खातोय हे त्याला ठाऊक नसतं.

हा दाब किती असतो? अंदाज असा आहे की कमी झालेल्या प्रत्येक किलोमागे भूक दिवसाला सुमारे १०० कॅलरींनी वाढते. साडेपाच किलो उतरवलेत तर जवळजवळ तीन वाट्या भाताइतकी जादा भूक! ऑस्ट्रेलियात २०११ साली झालेल्या एका अभ्यासात, वजन कमी केलेल्या लोकांची भुकेची संप्रेरकं एक वर्षानंतरही पूर्वपदावर आली नव्हती.

म्हणून लाडू खाल्लेल्या रुग्णाला मी आधी हे सांगतो: तुमचं मन कमजोर नाही, तुमचं शरीर त्याचं काम चोख करतंय. २०२५ मध्ये वजन कमी करण्याची नवी इंजेक्शनं भारतात आली. तीही मुख्यतः मेंदूला जाणाऱ्या भुकेच्या आणि तृप्तीच्या संदेशांवरच काम करतात. काही रुग्णांना ती खरोखर लागतात. ती घेण्याआधी आपली भूक ओळखून घेणं मात्र सगळ्यांनाच उपयोगी पडतं.

दोन आठवडे भुकेची वही

मी सुरुवातीला आहार बदललाच नाही. दोन आठवडे फक्त एक वही ठेवली. भूक लागली की वेळ लिहायची, तिला शून्य ते दहा गुण द्यायचे आणि शेवटचं खाणं काय नि कधी झालं ते लिहायचं. चौदा दिवसांनी वही चाळली तर भुकेचे तीन प्रकार स्पष्ट दिसले. रुग्णांच्या वह्यांतही मला साधारण हेच तीन दिसतात.

१. घड्याळाची भूक. रोज सकाळी अकराला मला दवाखान्यात चहा-बिस्किटांची आठवण व्हायची, नाश्ता नऊला झालेला असला तरी. रोजच्या खाण्याच्या वेळा जवळ आल्या की घ्रेलिन आधीच वाढायला लागतं. आणि एक महत्त्वाची गोष्ट: त्या वेळी नाही खाल्लं तरी ते काही वेळाने आपोआप उतरतं. भूक समुद्राच्या लाटेसारखी येते आणि ओसरते. आपल्याला वाटतं ती वाढतच जाईल, म्हणून आपण घाबरून खातो.

इथे नेहमीचा प्रश्न येतो, "डॉक्टर, दीक्षित की दिवेकर?" डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवायला सांगतात. ऋजुता दिवेकर थोडं थोडं, ठरावीक अंतराने खायला सांगतात. माझं उत्तर असं: दिवसभरात पोटात एकूण जातं किती, हे आधी बघा. मग तुमच्या कामाला आणि औषधांना जुळेल ती पद्धत घ्या, पण वेळा पक्क्या ठेवा. पहिले आठ-दहा दिवस जुन्या वेळेला पोट ओरडतं, मग हळूहळू नव्या वेळा शिकतं. रोज वेळ बदलणाऱ्याची भूक कधीच शिकत नाही.

२. डोळ्यांची भूक. आमच्याकडे पर्यटक येतात ते समुद्र, कड्यावरचा गणपती आणि घरगुती जेवण यांच्यासाठी. घरोघरी पाहुण्यांचा स्वयंपाक चालतो. असाच स्वयंपाक करणाऱ्या एक काकू मला म्हणाल्या, "डॉक्टर, मी दुपारी जेवतच नाही हो, तरी वजन वाढतंच!"

मी विचारलं, "काकू, चव किती वेळा बघता?"

"ती बघायलाच लागते की! पाहुण्यांना अळणी कसं वाढणार?"

त्यांना मी एक दिवस वेगळी ताटली ठेवायला सांगितलं. चव बघताना जेवढं तोंडात टाकतील तेवढंच दुसऱ्यांदा त्या ताटलीत ठेवायचं. संध्याकाळी ताटलीत दोन मोदक, मूठभर ओलं खोबरं, तळणीतले तुकडे आणि भाताचे चार घास जमले. ताटली बघून त्या स्वतःच हसल्या. आता त्या चव चहाच्या चमच्याने आणि एकदाच बघतात. आणि दुपारी बाराला, पाहुण्यांच्या आधी, बसून जेवतात. भरल्या पोटी वाढताना हात तोंडाकडे जात नाही.

डोळ्यांच्या भुकेला मनाची ताकद लावू नका. डबा डोळ्यांआड करा, लाडू वरच्या फळीवर ठेवा, टीव्हीसमोर ताट नेऊ नका.

३. पोटाची भूक. ही खरी. जेवून चार-पाच तास झाले, पोटात खड्डा पडला, साधी भाकरीसुद्धा गोड लागेल असं वाटलं, की ही समजावी. हिला खायलाच घालायचं. काय घालायचं, एवढंच ठरवायचं.

पोट भरेल, कॅलरी वाढणार नाहीत असं ताट

पोट भरल्याचा निरोप मेंदूला दोन गोष्टींमुळे चांगला जातो: प्रथिनं आणि खाण्याचं आकारमान. आपल्या ताटात भात भरपूर, प्रथिनं आणि भाज्या कमी, म्हणून तीन तासांत पुन्हा भूक लागते. काही साधे बदल:

• आधी कोशिंबीर आणि भाजी, मग मासा किंवा उसळ, शेवटी भात. याच क्रमाने खाल्लं की भात आपोआप कमी लागतो आणि साखरही कमी उसळते.

• प्रत्येक जेवणात प्रथिनांचा एक पदार्थ हवाच. १०० ग्रॅम बांगड्यात सुमारे २० ग्रॅम प्रथिनं असतात, एका अंड्यात ६. मासा तळण्याऐवजी तिखलं करा. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात.

• जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा कुळीथ आणि कडवे वाल आहेतच. १०० ग्रॅम कोरड्या कुळथात सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात. सुकी मासळी खाणार असाल तर भिजवून, दोनदा धुऊन घ्या. रक्तदाब असलेल्यांनी ती क्वचितच खावी.

• सोलकढीऐवजी रोजच्याला नारळाच्या दुधाशिवायची फुटी कढी. जेवणाआधी वाटीभर पातळ सार घेतलं तर पोटात जागा भरते.

• उपवासाची साबुदाणा खिचडी ही भुकेची मैत्रीण आहे. एका ताटलीत चारशे-पाचशे कॅलरी सहज जातात आणि साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. १९९५ मध्ये ३८ पदार्थांची तुलना करणाऱ्या एका अभ्यासात सर्वांत जास्त पोटभरीचा ठरला होता साधा उकडलेला बटाटा! मधुमेह नसेल तर उपवासाला एक उकडलेला बटाटा आणि वाटीभर दही बरं. त्याच बटाट्याचे वेफर्स मात्र नकोत.

• जेवायला वीस मिनिटं द्या. तृप्तीचा निरोप पोहोचायला तेवढा वेळ लागतो.

आणि झोप. रात्री चार तास झोपलेल्या तरुणांत दोनच दिवसांत घ्रेलिन वाढलेलं आणि लेप्टिन घटलेलं आढळलं आहे. पहाटे बोटीवर जाणाऱ्यांनी रात्री मोबाइल लवकर ठेवला, तर तो त्यांच्या आहाराचाच भाग समजावा.

ही भूक कधीही मारू नका

आता सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या भागातल्या एका रिक्षाचालकाला मधुमेह आहे, तो ग्लिमेपिराइडची गोळी घेतो. वजन कमी करायचं मनावर घेतलं आणि संकष्टीला फक्त चहावर राहिला. गोळी मात्र सकाळी घेतली. दुपारी हात थरथरू लागले, दरदरून घाम आला. त्याला वाटलं ही भूकच आहे, मन घट्ट केलं पाहिजे. त्याच्या बायकोने त्याला माझ्याकडे आणलं तेव्हा तो नीट उत्तरं देत नव्हता. साखर ४८ होती. साखर दिल्यावर अर्ध्या तासात माणूस बोलायला लागला. त्या वेळी तो रिक्षा चालवत असता तर काय झालं असतं, हे वेगळं सांगायला नको.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांकडून डोस बदलून घेतल्याशिवाय खाणं कमी करू नये. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनीही लंघन किंवा भात-भाकरी पूर्ण बंद असे प्रयोग स्वतःहून करू नयेत. थरथर, घाम, धडधड, गोंधळल्यासारखं होणं, डोळ्यांपुढे अंधारी यांच्यासह आलेली भूक म्हणजे साखर उतरल्याची खूण. लगेच तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर पुन्हा घ्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखान्यात न्या.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढीच्या वयातली मुलं आणि क्षयरोगाचे रुग्ण यांनी कॅलरी कमी करायच्या नसतात. आणि खूप भूक लागूनही वजन आपोआप उतरत असेल, तर आनंद मानू नका. साखर आणि थायरॉइड तपासून घ्या.

किती भूक सोसायची?

दिवसाला पाचशेच्या आसपास कॅलरी कमी करा, त्याहून जास्त नको. दहापैकी तीन-चार गुणांची भूक जेवणाआधी लागणं चांगलं. सात-आठ गुणांची भूक रोज लागत असेल तर आहार फार कडक आहे, ताटात भर घाला. पाच-सहा किलो उतरले की दोन-तीन महिने तिथेच थांबा.

माझं वजन आता ७१ किलो आहे आणि एचबीए१सी ५.६. भूक गेलेली नाही. रात्री नऊच्या सुमारास ती अजून येते, मी तिला ओळखतो, फुटी कढीचा पेला घेतो आणि बहुतेक वेळा ती जाते. ज्या दिवशी जात नाही त्या दिवशी एक अंडं उकडून खातो आणि झोपतो.

तुम्ही या आठवड्यात आहार बदलू नका. एक वही घ्या आणि सात दिवस फक्त भूक लिहा. पुढच्या वेळी तुमच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा रिपोर्टच्या फाइलबरोबर ती वहीही न्या.