टॅली लागली का?

आमच्या पिढीतील बँक कर्मचाऱ्यास ‘बॅलन्सिंग’चे दिवस विसरणे शक्य नाही. खातेवहीतील प्रत्येक खात्याची शिल्लक एका लांब कागदावर उतरवायची, बेरीज करायची आणि ती जनरल लेजरमधील रकमेशी जुळते का ते पाहायचे. जुळली नाही की शोध सुरू. फरकास ९ ने पूर्ण भाग जात असेल तर कोठेतरी ५४ चे ४५ झाले असावेत, हा पहिला आडाखा. त्यानंतर फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद धुंडाळायची. कारण नावे टाकायची रक्कम जमेस पडली, तर फरक दुप्पट दिसतो. एम.कॉम.च्या पुस्तकांत हे सारे होते. पण त्याचा खरा अर्थ रात्री साडेनऊला शाखेत उमगत असे. ‘टॅली लागली का?’ हाच घरी जाण्याचा परवाना होता.

डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने १९८४ मध्ये बँकांच्या संगणकीकरणाचा आराखडा मांडला. प्रथम शाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रे आली, कालांतराने सर्व शाखांची खाती एकाच मध्यवर्ती माहितीकोशात गेली. नोकऱ्या जातील ही भीती तेव्हा खरी होती, तिची थट्टा करण्याचे कारण नाही. मात्र ग्राहकास काय लाभले, हे आम्ही क्वचितच सांगितले.

एक उदाहरण देतो. पूर्वी बचत खात्यावर महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकेवरच व्याज मिळे. महिनाभर ५०,००० रुपये ठेवून २५ तारखेस ४५,००० काढले, तर व्याज केवळ ५,००० वर. साडेतीन टक्के दराने सुमारे १५ रुपये. १ एप्रिल २०१० पासून व्याज दररोजच्या शिलकेवर आकारले जाऊ लागले आणि त्याच ग्राहकास तीस दिवसांच्या महिन्यात सुमारे ११८ रुपये मिळू लागले. लाखो खात्यांचा असा रोजचा हिशेब हाताने होणे अशक्यच होते. गृहिणींच्या खात्यांत, कोणी मागणी न करता, ही वाढ शांतपणे जमा होत गेली.

थकीत कर्जांबाबतचा बदल मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की कर्ज अनुत्पादक ठरते, हा नियम जुनाच. पण तो शिक्का मारणारा हात माणसाचा होता. वरून दूरध्वनी येई, ‘मार्चअखेर जाऊ द्या.’ रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२० मध्ये हे वर्गीकरण संगणक प्रणालीनेच करावे असा आदेश दिला. यंत्रास कर्जदाराची अडचण कळत नाही, हे खरे. परंतु त्यास दूरध्वनीही येत नाही. प्रामाणिक अधिकाऱ्याच्या खांद्यावरचे किती ओझे त्यामुळे उतरले, हे ज्यांनी ते वाहिले त्यांनाच ठाऊक.

यंत्र अडते ते नावापाशी. आपल्या समाजात तर विशेष! एकाच गल्लीत एकाच नावाचे तीन शहा; त्यांतील एक इंग्रजीत शेवटी ‘ए’ लावतो, दुसरा लावत नाही, तिसऱ्याच्या पॅन कार्डावर वडिलांचे नाव गळालेले. जुन्या खातेवहीतील नाव ज्या कारकुनाने जसे ऐकले तसे त्याने लिहिले आणि संगणकात ते तसेच चढले. दोन वर्षे ग्राहकाने व्यवहार न केल्यास खाते आपोआप निष्क्रिय ठरते. दहा वर्षे कोणी दावा न केल्यास रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. अर्थात, त्यानंतरही ती बँकेकडून परत मागता येते.

गेल्या वर्षी परिचयातील एका वृद्ध भगिनींसाठी त्यांच्या दिवंगत यजमानांची ठेव रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर शोधू लागलो. सरळ नावाने काहीच आढळले नाही. भगिनी म्हणाल्या, ‘भाऊ, ते सहीत शेवटी ‘ए’ लावत असत.’ तसे लिहिताच बँकेचे नाव पडद्यावर उमटले. मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रे घेऊन आम्ही शाखेत गेलो, तेव्हा तेथील तरुण अधिकाऱ्याने पहिली विचारणा केली ती जुन्या पासबुकाची. भगिनींनी ते लोखंडी कपाटातील साडीच्या घडीत जपून ठेवले होते.