थेंबांची साक्ष

वॅक्स लावून झालं की बॉनेटवर पाणी मारून दाखवायचं, ही डिटेलिंगच्या धंद्यातली ठरलेली रीत. पाणी फुटतं, टपोऱ्या थेंबांत गोळा होतं, उतार मिळाला की पळतं. गिऱ्हाईक मोबाइलवर व्हिडिओ काढतं आणि पैसे वसूल झाले असं धरून चालतं. वॅक्सच्या डब्यांवरही थेंबांचीच चित्रं असतात. दोन वॅक्सची तुलना करायला निघालेला माणूस म्हणूनच थेंबाची उंची बघतो: ज्याचा थेंब गोल, ते वॅक्स भारी. थेंब खोटं बोलत नाही, पण त्याला फार थोडं ठाऊक असतं. रंग सुरक्षित आहे की नाही हे आपण त्याला विचारतो, आणि तेवढं सोडून बाकीचं तो सांगतो.

थेंब काय सांगतो ते आधी पाहू. थेंबाची कड पृष्ठभागाला जिथे टेकते तिथे जो कोन होतो, त्याला स्पर्शकोन म्हणतात. त्याचं गणित थॉमस यंग यांनी 1805 मध्येच मांडलं. कोन 90 अंशांच्या वर गेला की पृष्ठभाग पाणी झिडकारतो असं धरायचं. पॅराफिनसारख्या मेणावर हा कोन 105 ते 110 अंशांच्या आसपास येतो. सपाट पृष्ठभागावर, अगदी फ्लोरिनयुक्त रसायन वापरलं तरी, मजल जेमतेम 120 पर्यंत. अळवाचं पान 150 च्या पुढे जातं, कारण त्या पानावर मेण असतंच, शिवाय डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात आणि थेंब त्यांच्या टोकांवर तरंगतो. गाडीचा रंग आपल्याला आरशासारखा सपाट हवा असतो, त्यामुळे अळवाशी बरोबरी करण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणजे बाजारातल्या सगळ्या चांगल्या वॅक्सची स्पर्धा या थोडक्या अंशांत चालते, आणि दोन-चार अंशांचा फरक नुसत्या डोळ्यांनी ओळखतो म्हणणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हा कोन ठरवतो तो फक्त सगळ्यात वरचा, काही रेणूंच्या जाडीचा पापुद्रा. खाली थर किती आहे, तो रंगाला किती घट्ट धरून आहे, दोन धुण्यांनंतर उरेल का, याचा थेंबाला पत्ता नसतो. टायर चमकवायचं सिलिकॉन बॉनेटवर पुसून बघा; थेंब असे उभे राहतील की महागातलं वॅक्स लाजेल. शॅम्पूचा हात फिरला की सगळं साफ.

आता संरक्षणाकडे वळू. आजच्या गाडीचा रंग म्हणजे चार थर: पत्र्यावर विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यांवर क्लिअर कोट. सगळं मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन, त्यात क्लिअर कोट 35 ते 50. उन्हातले अतिनील किरण शोषणारी द्रव्यं कारखान्यातच या क्लिअर कोटमध्ये मिसळलेली असतात. पुसून उरलेलं वॅक्स एक मायक्रॉनसुद्धा भरत नाही. किरण किती शोषले जाणार हे त्यांना किती जाडी ओलांडायची आहे यावर अवलंबून असतं. मग चाळीस मायक्रॉनचा थर जे काम करतो त्यात या पापुद्र्याने भर ती किती घालावी? ओरखड्यांचंही तेच. दख्खनच्या बेसॉल्टची धूळ घेतली तरी तिच्यातलं फेल्डस्पार कठीणपणाच्या मोह्ज मापनावर 6 च्या पुढे, आणि नदीच्या वाळूतलं क्वार्ट्झ 7. सकाळी बादली न घेताच कोरड्या फडक्याने गाडी झटकणारा हात ही धूळ रंगावर घासतो, आणि उन्हात दिसणारी गोल गोल जाळी तिथूनच येते. कुठलंही मेण तिला अडवू शकत नाही. वॅक्सवरचा आपला भाबडा विश्वास बहुधा पद्मिनी आणि अॅम्बेसेडरच्या काळातून आला असावा. तेव्हाच्या साध्या रंगांवर क्लिअर कोट नसे. रंगद्रव्य उघडंच उन्हात तापे, खडूसारखं पांढरं पडे, पॉलिश करताना फडक्याला लाल-निळा रंग लागे. तिथे वरचा मेणाचा हात खरोखरच पहिला आणि एकमेव होता. रंगांची रचना बदलली, समजूत तीच राहिली.

मग वॅक्स-वॅक्समध्ये फरक कशाचा? कार्नौबा हे ब्राझीलच्या ईशान्येकडे वाढणाऱ्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं मेण. नैसर्गिक मेणांत सगळ्यात कठीण, 82 ते 86 अंश सेल्सिअसला वितळणारं. इतकं कठीण, की शुद्ध स्वरूपात ते हाताने लावताच येत नाही. म्हणून डब्यात त्याच्याबरोबर द्रावक, तेलं आणि 62-64 अंशांना वितळणारं मधमाश्यांचं मेण वगैरे असतं. काळ्या गाडीचं बॉनेट एप्रिल-मे महिन्यांत 70 अंशांच्या पुढेही तापतं, तेव्हा डब्यावर छापलेल्या कार्नौबाच्या वितळबिंदूवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. मिश्रण त्याआधीच मऊ पडतं आणि धूळ धरू लागतं. कार्नौबाची झळाळी मात्र गडद रंगांवर खुलते, त्याबद्दल वाद नाही. कृत्रिम सीलंट दिसायला जरा कोरडे, पण त्यातली सिलिकॉनवर्गीय द्रव्यं रंगाला जास्त चिकटून राहतात आणि शॅम्पूला लवकर दाद देत नाहीत. सिरॅमिक कोटिंग ही तिसरीच जात. हवेतल्या ओलाव्याने ते कडक होतं, जाडी एक-दोन मायक्रॉनच्या घरात जाते, आम्ल-अल्कलीपुढे टिकतं. पण त्याच्या जाहिरातीतला 9एच हा आकडा पेन्सिलींच्या चाचणीतला आहे, आणि पेन्सिलीच्या शिशापेक्षा वाळू कितीतरी कठीण असते हे सांगायला रसायनशास्त्र लागत नाही. नव्या गाडीबरोबर गळ्यात मारलं जाणारं ‘टेफ्लॉन कोटिंग’ राहिलं. टेफ्लॉन साधारण 327 अंशांना वितळतं. तव्यावर ते बसवायला भट्टी लागते. बॉनेटवर स्पंजने पुसून ते तव्यासारखं बसेल ही अपेक्षा करणाऱ्यांना मी फक्त शुभेच्छा देतो.

या सगळ्यापेक्षा मोठा प्रश्न पाण्याचा आहे, आणि तुलनेच्या लेखांत तो क्वचितच येतो. बॉनेटवर गोल थेंब उभा राहिला आणि तिथेच वाळला, तर काय होतं? पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500, एकूण कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा म्हणतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतं. सोसायटीचं बोअरचं पाणी पिण्याचं नसतंच, त्यामुळे त्याला तेवढीही अट नाही. मिलिलिटरला वीस थेंब धरले तर 600 च्या पाण्याच्या एका थेंबात 0.03 मिलिग्रॅम कठीण क्षार येतात. पाणी पसरलेलं असतं तर हा ऐवज मोठ्या जागेवर पातळ पसरला असता. उभ्या थेंबात तो शेंगदाण्याएवढ्या जागेत साचतो, त्यातही थेंबाच्या कडेला जास्त, कारण वाळताना आतलं पाणी कडेकडे ओढलं जातं आणि क्षारही बरोबर नेतं. म्हणून वाळलेला डाग भरीव ठिपका नसतो, बांगडी असते. मध्ये जवळजवळ स्वच्छ, कडेला पांढरी रेघ, बोट फिरवलं तर किंचित खरखरीत. चुन्याचा भाग पातळ विनेगरने निघतो, तेही डाग ताजा असेल तर. दख्खनच्या भूजलात विरघळलेली सिलिकाही असते, तिच्यावर विनेगरची मात्रा चालत नाही. आता जरा उलटा विचार करा. ज्या वॅक्सचे थेंब जास्त उभे, ते वॅक्स पुण्यात बोअरच्या पाण्याने धुऊन सकाळच्या उन्हात सोडलेल्या गाडीवर जास्त ठळक बांगड्या पाडणार. रत्नागिरीत पावसाळाभर उघड्यावर असलेल्या गाडीला ही अडचण नाही. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात आणि एका सरीचे थेंब वाळायच्या आत दुसरी येते. गुण तोच, एकीकडे उपयोगाचा, दुसरीकडे नुकसानीचा.

यावर समंजस आक्षेप असा, की पाणी ठरलंच नाही तर त्यातलं काही मागे राहणारही नाही. म्हणजे पाणी झिडकारणं हेच संरक्षण. मान्य, पण ‘ठरत नाही’ आणि ‘गोल बसतं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थेंब निसटतो की चिकटून राहतो हे पुढच्या आणि मागच्या कडेच्या कोनांतल्या फरकावर ठरतं. एखाद्या पृष्ठभागावर थेंब छान फुगतो आणि तरी उतारावर हटून बसतो. दारांवर हा फरक कळत नाही, छतावर आणि बॉनेटवर कळतो. माझ्या लेखी वॅक्सची पहिली कसोटी ही: पाण्याची चादर एकदा सोडली, की मागे किती थेंब उरतात. काही सीलंट थेंब बसके करतात, पण पाणी सलग पडद्यासारखं उतरवून पत्रा जवळजवळ कोरडा करतात. व्हिडिओत ते अगदी मुळमुळीत दिसतात. बोअरच्या पाण्याच्या गावाला मी तेच सुचवेन.

दुसरा आक्षेप: थेंब बसले म्हणजे वॅक्स संपलं, एवढं तरी थेंबावरून कळतं ना? तेही धड नाही. रस्त्यावरच्या धुराची, तेलकट धुळीची पातळ साय वॅक्सवर बसते आणि पाण्याला आता वॅक्स दिसतच नाही, साय दिसते. शॅम्पू नीट खंगाळला नसेल तर तो पाण्याचा पृष्ठताण कमी करतो आणि कसल्याही वॅक्सवर पाणी पसरतं. अशा वेळी घाईने नवा हात देण्याऐवजी पॅनल नीट धुवावं, डांबराचे ठिपके आणि क्षार काढावेत, भरपूर पाणी सोडावं. थेंब परत उभे राहिले तर वॅक्स खालीच होतं. उलट, पॉलिश करून ताजा केलेला नुसता क्लिअर कोटही पाणी बऱ्यापैकी गोळा करतो. त्याला पाहून वॅक्स आहे असं समजणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

इतकं सगळं ऐकल्यावर कोणी विचारेल, की मग वॅक्स लावायचंच कशाला? लावायचं, कारण त्याचं खरं काम कवचाचं नसून सोडवणुकीचं आहे. जून महिन्यात जांभळं खाल्लेल्या पाखरांची विष्ठा बॉनेटवर पडते. तिच्यातलं युरिक आम्ल आणि विकरं गरम क्लिअर कोटवर लगेच कामाला लागतात, आणि ती वाळून आकसते तेव्हा खाली फुगून-मऊ होऊन बसलेला क्लिअर कोट तिच्याबरोबर ओढला जातो. वॅक्स तिला अडवत नाही. ते काही तासांची उसंत देतं, आणि ओल्या फडक्याने ती उचलताना तिला पकड मिळू देत नाही. डांबर, किडे, पर्जन्यवृक्षाखालचा चिकट शिडकावा, सगळ्यांचं तेच. गाडी धुताना कमी घासावं लागतं, आणि कमी घासलं की जाळी कमी पडते. ओरखड्यांपासून संरक्षण मिळतं ते या आडवाटेने. याच हिशेबाने महागडं कार्नौबा आणि साधा सीलंट यांची तुलना केली, तर दर दोन महिन्यांनी लावलेला साधा सीलंट वर्षातून एकदा लावलेल्या महागड्या डब्यापेक्षा सरस ठरावा. त्यात चमत्कार काही नाही, पापुद्रा तेवढा ताजा असतो.

गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसेल असं काहीतरी हवं, हे धंद्याच्या दृष्टीने खरंच आहे, आणि थेंबाइतकं देखणं दुसरं काही नाही. दाखवायचंच तर वेगळं दाखवावं. एकाच बॉनेटवर चिकटपट्टीने पट्टे आखावेत, एक पट्टा मुद्दाम नुसता पॉलिशचा ठेवावा, बाकीच्यांवर वेगवेगळी वॅक्स लावावीत, आणि गाडी नेहमीसारखी वापरून नेहमीच्याच पाण्याने धुवावी. पहिल्या दिवशी काही लिहून ठेवू नये. त्या दिवशी सगळीच गुणी असतात. महिन्याभराने मळलेल्या गाडीवर फक्त पाण्याची धार सोडावी, हात न लावता, आणि कुठल्या पट्ट्यावरून माती जास्त सुटली ते बघावं. मग गाडी उन्हात वाळू द्यावी आणि बांगड्या मोजाव्यात. आणि एक पट्टा चाकामागे, दाराच्या खालच्या कडेला जरूर आखावा. चिखल, खडी आणि फडक्याचा सगळ्यात मळका हात तिथे फिरतो, वॅक्स तिथून सगळ्यात आधी जातं, आणि पाणी मारून दाखवायला तिथे कोणी वाकत नाही.