शेताखालची ऊब



आपल्याकडे कडाक्याची थंडी मोजक्या दिवसांची. पौषात शेकोटी पेटली, घोंगडी बाहेर निघाली की भागते. पण जिथे वर्षातले सहा-सात महिने घर तापवावेच लागते, तिथल्या शेतकऱ्याला जळणाचा खर्च किती जड जात असेल? चला, आज स्वीडनच्या दक्षिण टोकाला, स्कोने प्रांतात जाऊ.

डेन्मार्कच्या कोपनहेगनहून आगगाडीत बसलात की आधी समुद्राखालचा बोगदा लागतो. मग २००० साली खुला झालेला जवळजवळ आठ किलोमीटरचा पूल ओलांडून गाडी माल्मो शहरात येते. शहर मागे पडले की सपाट, भारी जमीन सुरू होते. हे स्वीडनचे धान्याचे कोठार. गहू, जव, साखरबीट, मोहरीच्या कुळातले रेप ही इथली पिके. ऑक्टोबरात गेलात तर एका शेतात बीट काढण्याची घाई आणि शेजारी गव्हाचे कोवळे कोंब दिसतील. झाडी थोडी, वारा मात्र भरपूर. म्हणून जुन्या लोकांनी बांधावर आणि रस्त्याकडेला वाळुंजाच्या रांगा लावल्या. त्या वारा अडवीत आणि छाटलेल्या फांद्या चुलीला होत. जुनी शेतघरे पाहिलीत तर आपला चौसोपी वाडा आठवेल. मध्ये अंगण, एका बाजूला राहते घर, बाकी बाजूंना गोठा आणि कोठारे.

पुढे लाकडाची जागा तेलाने घेतली. १९७३ साली तेलाचे भाव भडकले, १९७९ नंतर पुन्हा भडकले, आणि तेलावर घर तापवणाऱ्यांचे कंबरडे मोडले. पुष्कळांनी विजेच्या शेगड्या बसवल्या. १९९१ मध्ये सरकारने कोळसा-तेलाच्या धुरावर, म्हणजे कार्बनवर, कर बसवला. या सगळ्यातून तिथे उष्णता-पंप घरोघर पोचला.

हा पंप म्हणजे काय? तुमच्या घरी फ्रिज असेल तर त्याच्या मागे हात लावून पाहा. तिथे ऊब लागते. ती आतल्या भाजी-दुधातून काढलेली उष्णता असते, त्यात यंत्राने खाल्लेल्या विजेची भर पडलेली. विहिरीवरचा पंप जसे खालचे पाणी वर चढवतो, तसे हे यंत्र थंड जागेतली उष्णता उचलून गरम जागी नेते. स्कोनेतल्या शेतकऱ्याचा ‘फ्रिज’ म्हणजे त्याचे शेत. साधारण एक मीटर खोल चर काढून त्यात काहीशे मीटर प्लॅस्टिकची नळी पुरतात. नळीतून न गोठणारे पाणी फिरते. वर बर्फ पडले तरी त्या खोलीवर जमिनीत थोडी ऊब शिल्लक असते. ती घेऊन पाणी घरात येते आणि यंत्र तिचे तापमान वाढवून फरशीखालच्या नळ्यांना किंवा भिंतीवरच्या पत्र्यांना देते. जागा नसेल तर शंभर-दोनशे मीटरचे बोअर घेतात.

आता हिशेब. समजा, घराला वर्षाला २०,००० युनिट उष्णता लागते. विजेच्या शेगडीवर तेवढेच युनिट बिलात येतील. चांगला पंप एका युनिट विजेत सुमारे तीन युनिट उष्णता देतो, म्हणजे बिल ६,७०० युनिटांचे. वाचले १३,३००. युनिटला दीड क्रोना धरले तर वर्षाला सुमारे २०,००० क्रोना हातात राहतात. खणाईसह खर्च दोन लाख धरला तर तो दहा वर्षांत निघतो. आकडे समजण्यापुरते आहेत, पण हिशेबाची रीत हीच.

तिथला जाणता शेतकरी यंत्राआधी घर पाहतो. खिडक्यांना दुहेरी-तिहेरी काचा, छतावर जाड थर, दारांच्या फटी बंद. गळक्या पाटाला मोठी मोटर बसवून काय उपयोग? दुसरे असे की, पाणी जितके कमी गरम करावे लागेल तितका पंप स्वस्तात चालतो. फरशीखाली ३५ अंशांचे पाणी पुरते, लहान पत्र्यांना ५५ अंश लागते. जमीनही पाहावी लागते. ओलसर चिकण माती ऊब चांगली देते, कोरडी वाळू देत नाही. आणि नळी गरजेपेक्षा आखूड टाकली तर जमीन फार गार पडते. विहिरीत पावसाने भरते तेवढेच उपसावे, तसे उन्हाळ्यात जमिनीत मुरते तेवढीच ऊब काढावी.

तुम्ही म्हणाल, आम्हाला घर थोडेच तापवायचे आहे? खरे आहे. पण गरम पाणी रोज लागते. दुधाचे भांडे, कॅन, गोठ्यातली यंत्रे धुवायची तर लागतेच, आणि ते तापवण्याचे काम बहुधा घरच्या बाईच्या वाट्याला, धुरात, येते. गावात दुधाचा बल्क कूलर असेल तर विचार करा. ३५ अंशांचे ५०० लिटर दूध ४ अंशांवर आणताना सुमारे १४,००० किलोकॅलरी, म्हणजे १६ युनिटांएवढी उष्णता बाहेर पडते. ती बहुतेक ठिकाणी वाऱ्यावर जाते. स्कोनेसारख्या दुधाच्या मुलखात हीच उष्णता पाण्याच्या टाकीत वळवण्याची सोय करतात.

नवा कूलर घेताना विक्रेत्याला अशा टाकीबद्दल जरूर विचारा. आधी रोज किती बादल्या गरम पाणी लागते ते मोजा, त्यावर जाणारे जळण किंवा वीज वहीत महिनाभर लिहा, आणि मग टाकीची किंमत त्या आकड्याशेजारी मांडा. किती वर्षांत पैसे फिटतील हे उत्तर तुमच्याच वहीत सापडेल.