कसालच्या तिठ्यापासून

तुमच्यापैकी पुष्कळजणी कसालवरून गेल्या असतील, पण कसालला उतरलेली एखादीच सापडेल. मुंबईहून गोव्याकडे जाताना कणकवली मागे पडते आणि ओरोस यायच्या आधी उजव्या हाताला मालवणचा रस्ता फुटतो. तेच कसाल. प्रत्येकाला ओढ लागलेली असते ती सिंधुदुर्ग किल्ल्याची, तारकर्लीच्या वाळूची. तिठ्यावर चहा घ्यायचा आणि पुढं निघायचं! माझं सासर मात्र इथलंच, म्हणून दर मे महिन्यात कोल्हापूरची शाळा सुटली की मी मुलांना घेऊन फोंडा घाट उतरते.

तिठ्यापासून आत वळलं की दहा मिनिटांत महामार्गाचा आवाज थांबतो. लाल माती, चिऱ्याच्या गडग्यांमधून गेलेली पायवाट, फणसाचा वास आणि अंगणात सुकत घातलेली सोलं. रातांबे फोडून सालं मिठाच्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. आठवडाभर ऊन चुकवून चालत नाही.

या भागात वाडीवाडीतून माणसं फौजेत गेली. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावला आहे, आणि आंबोलीचा घाट चढला की बेळगाव काही लांब नाही. आमचे मामंजी त्याच रेजिमेंटमधून हवालदार होऊन निवृत्त झाले. धाकटे भावोजीही फौजेतच. १९९९ साली कारगिलचं युद्ध झालं तेव्हा मामंजी वरतीच होते आणि भावोजी सासूबाईंच्या कडेवर. पत्र यायला तीन-तीन आठवडे लागत. मी एकदा विचारलं, “आई, तेव्हा जास्त कठीण होतं की आता?” त्या सोलं उलटी करीत म्हणाल्या, “घोवापाठी रडलंय. झिलाच्या फुड्यात रडूक जमना नाय.”

२०२५ च्या मे महिन्यात याचा अर्थ मला कळला.

भावोजी ३ तारखेला महिन्याच्या रजेवर आले होते. ११ तारखेला मुलगी बघायला जायचं ठरलेलं. पहलगामला २२ एप्रिलला सव्वीस माणसं मारली गेली होती, त्यामुळे घरात सगळ्यांचे कान रेडिओ-टीव्हीकडे. ७ मेच्या सकाळी ‘ऑपरेशन सिंदूर’ची बातमी आली. त्या दिवशी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, त्या यादीत आपलं सिंधुदुर्गही होतं. दुसऱ्या दिवशी भावोजींना परत बोलावणं आलं. रजेवरच्या कितीतरी जवानांना तेव्हा असंच निघावं लागलं.

सासूबाईंनी काय केलं असेल? कुळथाचं पीठ भाजलेलं होतं, ते बांधलं. मुलीकडच्यांना मामंजींकडून निरोप पाठवला. आणि भावोजींबरोबर कुडाळ स्टेशनवर न जाता तिठ्यापर्यंतच गेल्या. रिक्षा वळली तशा मागं फिरल्या आणि सरळ रातांबे फोडायला बसल्या.

चूक केली ती मी. दोन दिवस फोन नाही, तेव्हा मी भावोजींना चार-पाच निरोप टाकले, “कुठे आहात?” शिवाय फौजेच्या गाड्या चालल्याची कुठली तरी चित्रफीत घरच्या व्हॉट्सअॅपवर पाठवून दिली. मामंजी सहसा सुनेला बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले. फौजेच्या हालचाली दाखवू नका असं सरकार वाहिन्यांना बजावत होतं, आणि मी बी. ए. झालेली मास्तरीण ते घरबसल्या करीत होते!

पण सासूबाईंचंही सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. आदल्या पावसाळ्यात त्या तापानं आठ दिवस दवाखान्यात होत्या. भावोजींना कळवायचं नाही, अशी सगळ्यांना ताकीद. मुलाला तिकडं काळजी नको, हा त्यांचा हिशेब. मला ते तेव्हाच पटलं नव्हतं. पुढं भावोजींना गावातल्या कुणाकडून तरी कळलं आणि ते फोनवर इतके चिडले की सासूबाईंच्या हातातला फोन मला घ्यावा लागला. “आता ती ‘बरी आसंय’ म्हणाली तरी मी विश्वास कसा ठेवू?” असं म्हणत होते. हजार मैलांवर बसलेल्या मुलानं आईच्या प्रत्येक ‘बरी आहे’वर शंका घ्यायची, याहून मोठी काळजी कुठली?

१० मेच्या संध्याकाळी पाच वाजता गोळीबार थांबला. १२ तारखेला भावोजींचा फोन आला. दोन मिनिटांचा. मला वाटलं, आता त्या विचारतील, कुठे होतास, काय झालं. सासूबाई म्हणाल्या, “झिला, खय आसंस ता सांगू नको. जेवलंस मा?” मग आपली बातमी : “पायात खिळो गेललो. इंजेक्शन घेतलंय. आता चलतंय.” आधी काय झालं, मग काय उपाय केला, मग आता कसं आहे. तिन्ही खरं. पलीकडून भावोजी हसले. “आये, आता पटलां!” म्हणाले.

फोन ठेवल्यावर मात्र त्या बराच वेळ न्हाणीघरातून बाहेर आल्या नाहीत.

त्या वर्षी पाऊस २५ मेलाच महाराष्ट्रात आला. अर्धी सोलं ओली राहिली, ती चुलीवरच्या माळ्यावर धुरात सुकवावी लागली. त्यातली चांगली निवडून सासूबाईंनी पार्सल केलं. तुमच्या घरातलं कुणी फौजेत असेल तर ध्यानात ठेवा, ओलं खोबरं घातलेलं काही पाठवू नये. कुळथाचं पीठ, सोलं, शेंगदाण्याचे लाडू टिकतात. कापडात शिवून वर पत्ता घातला की झालं.

पत्ता मी लिहिला. नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि शेवटी ‘५६ एपीओ’. गाव नाही, जिल्हा नाही. माझा हात तिथं थांबलेला पाहून सासूबाई म्हणाल्या, “पोचता गो ता. १९९९ तय पोचला.” आणि छत्री घेऊन त्या पोस्टात निघाल्या.