गालिचा गेला, फरशी ठरेना

लष्कर, सराफा बाजार. दिवाणखान्यातला गालिचा अखेर काढला. गल्लीतली धूळ वर्षानुवर्षं त्याच्या पोटात साठत होती; आईचा खोकला वाढल्यावर कुणालाच हट्ट धरवेना. तरी ग्वाल्हेरात राहून गालिच्याला नावं ठेवणं जिवावर येतं. जयविलास महालाच्या दरबार हॉलमधला अवाढव्य गालिचा इथल्याच तुरुंगातल्या कैद्यांनी विणलेला, आणि २०२३मध्ये ग्वाल्हेरच्या हातविणीच्या गालिच्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं.

आता फरशी कुठली? ग्वाल्हेरचा पांढुरका वालुकाश्म माझ्या मनात भरला होता, पण तो तेल पितो. आणि आमच्याकडे तूप सांडल्याशिवाय सण साजरा होत नाही. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही, डाग पुसला की गेला. पण ओल्या पायांनी आई घसरायची. शिवाय टाइलवर छापलेला तो नकली संगमरवर मला बघवत नाही!

उरला कोटा. चुनखडीचा दगड, लिंबू सांडलं तर डागाळतो; पण घासून पुन्हा पॉलिश करता येतो. फार चकचकीत मात्र नको, मिस्त्रीला आधीच बजावायला हवं. जानेवारीत पाय गारठतील, तेव्हा एखादी सतरंजी अंथरू. गच्चीवर नेऊन झटकता येईल एवढीच.