ड्रॉइंग उघडेना

साखर कारखान्यात हंगाम सुरू असताना बॉयलरचा आयडी फॅन थांबला, की सगळ्यांचे फोन इलेक्ट्रिकल विभागाकडे वळतात. भट्टीतला धूर ओढून चिमणीकडे ढकलणारा हा पंखा. तो बंद म्हणजे बॉयलर बंद, वाफ बंद, आणि मग गव्हाणीपासून पॅनपर्यंत सगळंच ठप्प. त्या रात्री पंखा ट्रिप झाला आणि पुन्हा सुरू होईना. मोटर ठीक, ओव्हरलोड रिले रीसेट केलेला, कॉन्टॅक्टरची कॉइल शाबूत. याचा अर्थ इंटरलॉकमधला एखादा कॉन्टॅक्ट मिळत नव्हता. कोणता, ते ड्रॉइंग सांगणार.

पॅनेलचं काम ऑफ सीझनला बाहेरच्या एका पॅनेलवाल्याने केलं होतं. फेरूल नंबर बदललेले, काही वायरी नव्या टर्मिनलवर नेलेल्या. बदललेलं ड्रॉइंग त्याने मेलवर पाठवलं होतं, डीडब्ल्यूजी फाइल. ऑफिसच्या संगणकावर ती उघडायला गेलो तर व्ह्यूअरने एका ओळीत विषय संपवला: ही ड्रॉइंग फाइल वैध नाही.

अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. व्हायरस असेल, फाइल करप्ट झाली असेल, व्ह्यूअर काढून परत टाका. शेवटचा सल्ला तर प्रत्येक संगणकवाल्याच्या तोंडी ठरलेला. पण परत टाकलं तरी तेच जुनं व्ह्यूअर बसणार होतं. नवं व्ह्यूअर ६४ बिटचं विंडोज मागतं, आणि आमच्या संगणकावर होतं ३२ बिटचं विंडोज ७. पॅनेलवाल्याच्या ड्राफ्ट्समनला झोपेतून उठवलं, त्याने लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, “साहेब, माझ्याकडे तर ओपन होतंय.” हे वाक्य ऐकून कुणाचं काम झाल्याचं मला तरी आठवत नाही.

आधी फाइलचा आकार त्याच्याकडच्या आकाराशी ताडून पाहिला. दोन्ही सारखे, म्हणजे डाउनलोड अर्धवट नव्हतं. मग फाइलची एक प्रत नोटपॅडमध्ये उघडली. वायरमन मामा मागे उभे होते. “हे काय साहेब, सगळा चिखल दिसतोय.” खरंच पडदाभर चौकोन, प्रश्नचिन्हं आणि आकडेमोडीची भेळ. पण डीडब्ल्यूजी फाइलची पहिली सहा अक्षरं मात्र स्वच्छ वाचता येतात, आणि त्यातच सगळं असतं. तिथे एसी१०३२ असं होतं.

ऑटोकॅडच्या फाइलचा साचा काही वर्षांनी बदलतो आणि दर साच्याची खूण या सहा अक्षरांत असते. २००० सालच्या साच्याला एसी१०१५, २००४ ला १०१८, २००७ ला १०२१, २०१० ला १०२४, २०१३ ला १०२७ आणि २०१८ ला १०३२. नवं व्ह्यूअर जुनी फाइल वाचतं, जुन्याला नवी वाचता येत नाही. आमचं व्ह्यूअर २०१४ चं, त्याची धाव १०२७ पर्यंत. म्हणजे फाइल धडधाकट होती. ‘वैध नाही’ हा संदेशच दिशाभूल करणारा. ‘ही फाइल माझ्यापेक्षा नवी आहे’ एवढं लिहिलं असतं तर निम्मी रात्र वाचली असती. (कधीकधी अशा फाइलच्या सुरुवातीला वेबपानाचा कोड सापडतो. मग समजायचं, की लिंकवरून फाइलऐवजी लॉगिनचं पान उतरलंय.)

ड्राफ्ट्समनला म्हटलं, सेव्ह ॲज करून २०१० च्या फॉरमॅटमध्ये पाठव. त्याने लगेच पाठवली. उघडली. पॉवर सर्किट दिसलं, कंट्रोल सर्किट दिसलं, फक्त अक्षरांच्या जागी बऱ्याच ठिकाणी प्रश्नचिन्हं होती, कारण त्याचा फॉन्ट आमच्याकडे नव्हता. तेही चाललं असतं. पण टर्मिनलचा तक्ता जिथे हवा, तिथे नुसती एक ओळ लटकत होती: डी ड्राइव्ह, मग एक फोल्डर, मग टर्मिनल नावाची फाइल. तक्ता वेगळ्या ड्रॉइंगमध्ये होता आणि या ड्रॉइंगला एक्सरेफने जोडलेला. जोड त्याच्या संगणकावर, आमच्याकडे फक्त पत्ता. आम्हाला हवं होतं नेमकं तेच पान गायब.

ऑटोकॅडमध्ये ई-ट्रान्समिट नावाची सोय आहे. ती मूळ ड्रॉइंग, जोडलेली ड्रॉइंगं आणि फॉन्ट एकत्र बांधून देते. पण त्या घडीला मला गाठोडं नको होतं. “सगळी पानं पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर टाक,” म्हटलं. पीडीएफ आली, मोबाइलवरच मोठी करून पाहिली. आयडी फॅन डँपर बंद असतानाच सुरू व्हावा, म्हणजे सुरुवातीला मोटरवर फारसा भार येत नाही. त्यासाठी डँपरच्या लिमिट स्विचचा कॉन्टॅक्ट स्टार्ट सर्किटमध्ये असतो. नव्या ड्रॉइंगमध्ये त्याची वायर दुसऱ्या टर्मिनल पट्टीवर होती. मामांनी टॉर्च धरला, वायर हलवून पाहिली, तर ती टर्मिनलमध्ये नुसतीच अडकवलेली, स्क्रू आवळलेलाच नव्हता. आवळला, पंखा उचलला.

स्क्रूबद्दल पॅनेलवाल्याशी नंतर जे बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ड्रॉइंगबद्दल मात्र खरेदी विभागाने माझं ऐकलं. आता आमच्या पर्चेस ऑर्डरमध्ये एक अट छापलेली असते: कामाअंती सर्व पानांची पीडीएफ, ई-ट्रान्समिट केलेलं मूळ ड्रॉइंग २०१० च्या फॉरमॅटमध्ये, आणि पॅनेलच्या दारात ठेवायला ए३ आकाराची छापील प्रत. या तीन गोष्टी आल्याशिवाय शेवटचं बिल पास होत नाही.